वॉचमननं सांगितलं, ‘तुमचं नाव नाही’

‘अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी जून २०१६ पासून चेकिंग आणि घडीच्या टेबलावर काम करते. पगार १३ हजार. त्यातले ९ हजार बँकेत येतात, ४ हजार हातात मिळतात. गड्डा यात्रेची सुट्टी संपवून १९ जानेवारीला कामावर गेले तर वॉचमननं गेटवरच अडवलं. म्हणाला, तुमचं नाव नाही आत, आता येऊ नका. नोटीस दिली नाही, पत्र दिलं नाही, नुसतं तोंडी सांगितलं, ही त्यांची चूकच ना? सुपरवायझरला फोन केला तर म्हणाले, मंदी आहे, ऑर्डर नाही. दोन दिवसांनी कळलं की माझ्या टेबलावर ठेकेदाराची नवीन मुलगी बसलीय. पुढं मुलींकडून कानावर आलं की माझ्या टेबलावर तीन डझन नॅपकिन कमी लागले, असं आत सांगितलं जातंय. डिसेंबरात आम्ही तिघींनी ऑफिसात विचारलं होतं की चार महिने पीएफ का भरला नाही. बाकीच्या दोघी अजून कामावर आहेत. मागच्या आठवड्यात मला बोलावून २० हजारांचं व्हाउचर आणि एक छापील कागद पुढं केला. घरी विचारून सांगते म्हणाले आणि आले. नवरा म्हणतो, मिळतंय ते घे, मालकाशी वैर नको, सगळे मालक एकमेकांचे पाहुणे आहेत. सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या, त्या म्हणतात, सोडू नको. मालकीणबाई माझ्या मुलीच्या लग्नाला आल्या होत्या, त्यांना फोन करू का? मी चोर नाही, हेच मला सगळ्यात जास्त लागलंय.’
– एक वाचक, नीलम नगर, सोलापूर

ताई,

सही न करता उठून आलात, हे फार बरं झालं. तो छापील कागद मी पाहिलेला नाही, पण त्यात काय असणार याचा अंदाज आहे. ‘घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझा सर्व हिशेब मिळाला असून कारखान्याकडे माझी कोणतीही बाकी नाही.’ एवढ्या दोन ओळींवर तुमची सही पडली असती तर साडेनऊ वर्षांची नोकरी २० हजारांत मिटली असती. नंतर तुम्ही कुठंही गेलात तरी पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला गेला असता, की बाई, सही तुमचीच ना? सही धाकानं घेतली, हे सिद्ध करणं कामगाराच्या गळ्यात येतं आणि ते अवघड असतं. म्हणून पुन्हा बोलावलं तरी कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर, ‘फक्त पोच म्हणून’ पुढं केलेल्या कागदावर, कशावरच सही नको. ‘माफीनामा लिहून द्या, परत घेतो,’ असं कुणी गोड बोलून सांगेल, तो तर मुळीच नको. माफीनामा म्हणजे चोरीची कबुलीच समजा. परत घेणं राहतं बाजूला आणि कागद त्यांच्या फाइलला लागतो.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिता, मला नोटीस दिली नाही, पत्र दिलं नाही, नुसतं तोंडी सांगितलं. तुम्हाला वाटतं ही त्यांची चूक झाली. मला तसं वाटत नाही. लेखी काहीच न देण्यात त्यांचा फायदा आहे. उद्या तुम्ही तक्रार केलीत की त्यांचं उत्तर असं येईल: ‘आम्ही यांना काढलेलंच नाही. यात्रेच्या सुट्टीनंतर त्या स्वतःहून यायच्या बंद झाल्या.’ हजेरीपुस्तकात १९ जानेवारीपासून तुमच्या नावापुढं गैरहजेरी लागलेली असेल. वॉचमन म्हणेल, मी काही बोललोच नाही. तोंडी काढलेल्या कामगारांच्या प्रकरणांत मालकाकडून हा बचाव इतका सर्रास येतो, की तो येणारच असं धरूनच चालायचं. जितके दिवस तुम्ही गप्प घरी बसाल तितका तो बचाव पक्का होत जातो. महिना-दीड महिना बाई आली नाही, एक पत्रही लिहिलं नाही, तिला नोकरी हवी असती तर गप्प बसली असती का, असं विचारायला त्यांना जागा मिळते.

यावर उपाय एकच आणि तो स्वस्त आहे. या प्रकरणातला पहिला कागद तुमचा असला पाहिजे. वकील नंतर, युनियन नंतर, मालकीणबाईंना फोन तर त्याहून नंतर. आधी पत्र. साध्या मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलंत तरी चालेल. मजकूर साधारण असा:

‘मी आपल्या कारखान्यात जून २०१६ पासून चेकिंग व घडी विभागात सलग काम करीत आहे. माझा पगार दरमहा १३,००० रुपये असून त्यातील ९,००० बँकेत व ४,००० रोख मिळतात. दि. १९ जानेवारी २०२६ रोजी सकाळी नेहमीच्या वेळी मी कामावर आले असता वॉचमनने मला गेटवर अडवून, तुमचं नाव नाही, येऊ नका, असे सांगितले. सुपरवायझरना फोन केला असता ऑर्डर नसल्याचे सांगण्यात आले. मला कोणतीही लेखी नोटीस, आरोपपत्र किंवा नुकसानभरपाई दिलेली नाही. मी राजीनामा दिलेला नाही व देणार नाही. त्यानंतर मला बोलावून २०,००० रुपयांचे व्हाउचर व एका छापील कागदावर सही मागण्यात आली, ती मी केलेली नाही. माझ्याकडून माल कमी भरल्याची चर्चा कारखान्यात होत असल्याचे समजते, ते पूर्णपणे खोटे आहे. मी कामावर येण्यास तयार होते, आजही तयार आहे. मला त्वरित कामावर घ्यावे व १९ जानेवारीपासूनचा पगार द्यावा.’

खाली तारीख, सही, पत्ता. बस. रागाचं एक वाक्यही नको, पीएफचं भांडण या पत्रात नको, मालकांनी आजवर केलेल्या उपकारांचा उल्लेख नको आणि ‘कृपा करून’ तर नकोच. ‘आजही तयार आहे’ ही ओळ मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका. सगळं पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

पत्राच्या तीन प्रती करा. एक स्पीड पोस्टानं कारखान्याच्या पत्त्यावर. पूर्वीचं रजिस्टर एडी आता स्पीड पोस्टातच मिसळलंय, म्हणून काउंटरवर पोचपावती हवी असं सांगून घ्या. पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. पत्र न घेता परत आलं तर पाकीट फोडू नका, बंदच ठेवा. पोस्टाचा शेरा असलेलं बंद पाकीट हा चांगला पुरावा असतो. त्याच दिवशी पत्राचा फोटो सुपरवायझरच्या आणि ऑफिसच्या व्हॉट्सअॅपवर टाका आणि ते चॅट पुसू नका. दुसरी प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या आणि तिसऱ्या प्रतीवर त्यांच्या आवक विभागाचा शिक्का मारून घ्या. ती तुमच्याकडे राहील.

त्यांनी सांगितलेल्या कारणांकडे बघू. एकाच कामगाराला मंदी म्हणूनही काढलं आणि चोरी केली म्हणूनही काढलं, असं होत नाही. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत आणि त्यांनी एकही धरलेला नाही.

मंदी खोटीच असेल असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, आणि सोलापूरचा टेरी टॉवेल परदेशी जातो. त्याचा मार मालकांना बसलाच नसेल असं नाही. पण मंदी असली तरी माणसं कमी करायची रीत कायद्यात ठरलेली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती होती. तो कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही ती आहे. ज्या कामगाराची सलग एक वर्ष नोकरी झाली त्याला कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यायची, नाहीतर महिन्याचा पगार द्यायचा. शिवाय नोकरीच्या दर वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. आणि त्या कामात जो शेवटी लागला तो आधी जाणार, हा साधारण नियम. तो मोडायचा तर कारण नोंदवावं लागतं. साडेनऊ वर्षांची बाई घरी आणि तिच्या टेबलावर ठेकेदाराची नवीन मुलगी, हे चित्र मंदीच्या गोष्टीत बसत नाही. त्या मुलीवर मात्र राग धरू नका. तिला काय सांगून आणलंय कोण जाणे.

चोरीचा रस्ता आणखी लांबचा. तिथं आरोपपत्र द्यावं लागतं, उत्तराला वेळ द्यावा लागतो, चौकशी करावी लागते, साक्षीदार तुमच्यासमोर उभे करावे लागतात. यातलं काहीच न करता आतल्या आत पोरींमध्ये ‘नॅपकिन कमी लागले’ असं सोडून द्यायचं, याचा उद्देश मला वेगळाच दिसतो. तुम्हाला लाज वाटावी आणि तुम्ही बाहेर कुणाकडं तोंड उघडू नये. तुमच्या पत्राची शेवटची ओळ वाचून वाटतं, तो उद्देश अर्धा साधलाय. तो पुरता साधू देऊ नका. गल्लीत, नातेवाइकांत याचा खुलासा करत फिरू नका. पत्रातलं ‘हे पूर्णपणे खोटे आहे’ एवढं पुरे. पुढं कोर्टात त्यांनी हा आरोप काढलाच तर सिद्ध करायचा भार त्यांच्यावर असेल, आणि पहिला प्रश्न येईल की इतकी मोठी चोरी पकडलीत तर त्या दिवशी दोन ओळींचा मेमो का दिला नाहीत? पोलिसांचा धाक कुणी घातला तर घाबरून सही करू नका. एक माहिती असू द्या: साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यायचं असतं.

खरं कारण बहुधा तुम्ही स्वतःच लिहून गेला आहात, तेही सहज. डिसेंबरात पीएफबद्दल विचारलंत आणि जानेवारीत नाव गेलं. हक्काचं विचारल्याचा डूख धरून कामगाराला काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, ज्याला वकील मंडळी एमआरटीयू-पल्प म्हणतात, त्याखाली अशी तक्रार कामगार न्यायालयात करता येते. ती घटनेपासून ९० दिवसांत करायची असते. १९ जानेवारीपासून ९० दिवस मोजले तर १९ एप्रिल येते आणि त्या दिवशी रविवार आहे. त्याआधी १४ एप्रिलची सुट्टी. मार्चअखेर हीच मुदत असं मनाशी धरा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ‘मालकीणबाई काहीतरी करतील म्हणून थांबले’ हे सबळ कारण म्हणून सांगायची वेळ येऊ देऊ नका. दुसरा रस्ता सहायक कामगार आयुक्तांकडच्या समेट अधिकाऱ्याचा. तिथं मुदत मोठी आहे. जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोन. नव्या संहिता आल्यामुळं कुठला अर्ज कुठल्या कलमाखाली करायचा याचा खल वकील करत बसतील. त्यांना करू द्या. तुम्ही सगळ्यात छोटी मुदत धरून चाला, म्हणजे कुठलंच दार बंद होणार नाही.

वकिलाच्या फीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरातली निम्मी भीती तीच असणार. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानं तिथं बायकांना मोफत वकील मिळतो, औद्योगिक कामगारांनाही मिळतो, आणि या दोघांना उत्पन्नाची अट नाही. तुम्ही दोन्हीकडून बसता. आधार कार्ड आणि वरच्या पत्राची प्रत घेऊन जा. युनियनकडं जायचं असेल तर सासूबाईंना सोबत घ्या. विडी कामगार बायकांनी या शहरात घरकुलांपर्यंत जे काही मिळवलं ते युनियनच्या जोरावर, आणि कुठल्या कार्यालयात कोण ऐकून घेतं हे सासूबाईंना तुमच्या-माझ्याहून जास्त ठाऊक असेल. त्यांचा सल्ला तुम्ही भांडखोरपणा म्हणून लिहिलाय की काय अशी शंका आली. मला तरी तो तुमच्या घरातला सगळ्यात अनुभवी सल्ला वाटतो.

आता पैशाचं. २० हजार कमी का, हे तुमच्या नवऱ्यालाही कळू दे. कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर मांडा. जून २०१६ ते जानेवारी २०२६ म्हणजे नऊ वर्षं सात महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून दहा वर्षं. नोटिशीचा एक महिन्याचा पगार १३,०००. भरपाई म्हणून वर्षाला अर्धा पगार, ६,५०० गुणिले दहा, ६५,०००. ग्रॅच्युइटी वेगळी. तिचं गणित २६ दिवसांच्या महिन्यावर असतं: १३,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला ७,५००, दहा वर्षांचे ७५,०००. एकूण १ लाख ५३ हजार. जानेवारीत यात्रेआधी भरलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजा, चालू वर्षाचा बोनस हे वर. कामावरून काढल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, तोही अजून दिलेला दिसत नाही. नव्या संहितेत आणखी एक तरतूद आहे: मंदी म्हणून कमी केलेल्या कामगारासाठी मालकानं १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत (नवं काम शिकता यावं म्हणूनचा निधी) भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. मागायला हरकत नाही.

हे सगळं १३ हजार धरून झालं. ते म्हणतील, पगार नऊच हजार. तरीसुद्धा याच हिशेबानं नोटीस, भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळून १ लाख ५ हजारांच्या वर जातं. म्हणजे त्यांचंच खरं मानलं तरी ते तुम्हाला पाचवा हिस्सा देऊ करताहेत. आणि नऊ हजार हा आकडा मोठ्यानं सांगायला त्यांना तरी सोपं जाईल का, याचाही विचार करा. किमान वेतनापेक्षा कमी पगार कागदावर दाखवला असेल तर कामगार कार्यालयातून त्यांनाच प्रश्न येतील.

हातात मिळणाऱ्या चार हजारांचा पुरावा जमवा. पुष्कळ बायका पगाराच्या दिवशी डायरीत लिहून ठेवतात, तुम्ही ठेवलं असेल तर ती जपून ठेवा. बचत गटाचा हप्ता, भिशी, मुलीच्या फीच्या पावत्या, पगाराच्या दिवशी त्या रकमेतून जे भरलं त्याच्या नोंदी शोधा. ‘आज कॅश वाटणार’ असा सुपरवायझरचा एखादा मेसेज सापडला तर उत्तमच. ओळखपत्र, ईएसआयचं कार्ड, बोनसची पावती, दिवाळीला खात्यात काढलेला ग्रुप फोटो, हे सगळं एका पिशवीत. मोबाइल बदलू नका.

पीएफसाठी उमंग या सरकारी अॅपवर तुमच्या पीएफ खात्याच्या यूएएन नंबरनं पासबुक उघडा. मुलगा-मुलगी कुणीही पाच मिनिटांत काढून देईल. दोन गोष्टी बघायच्या: कुठले महिने रिकामे आहेत, आणि नोकरी सोडल्याची तारीख व कारण त्यांनी भरलंय का. कारणात राजीनामा लिहिलेला सापडला तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. न दिलेला राजीनामा सरकारी नोंदीत दाखवल्याचा तो पुरावा होईल. पैशाची नड म्हणून पीएफ काढायचा झाला तरी अर्जात राजीनामा हे कारण टाकू नका. न भरलेल्या महिन्यांची तक्रार सोलापूरच्या पीएफ कार्यालयात वेगळी करा. ती पत्रात मिसळू नका असं मी वर म्हटलं ते यासाठीच: ते भांडण वेगळ्या खिडकीवरचं आहे आणि तुमची नोकरी परत आली तरी ते चालू राहिलं पाहिजे.

त्या दोघींचं काय? त्यांना साक्षीला उभं राहा असं आत्ता सांगू नका. त्यांच्या घरी चूल त्याच पगारावर पेटते. एवढंच सांगा की आपापलं पासबुक काढून ठेवा आणि डिसेंबरात ऑफिसात कुठल्या दिवशी गेलो, कोण काय म्हणालं, ते लिहून ठेवा. उद्या त्यांचीही पाळी येऊ शकते, हे त्यांना कळत असणारच.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मालक मंडळी एकमेकांना ओळखतात, ही गोष्ट खरी. फोनवर ‘ती बाई कोर्टात जाते’ असं सांगितलं जातं, हेही होतं. पण चेकिंगला तयार हात मिळत नाहीत अशी त्याच मालकांची ओरड असते. तीन फुटांवरून टॉवेलातला तुटका धागा दिसणाऱ्या बाईला काम मिळतं. मिळालं तर घ्या. दुसरीकडं काम धरलं म्हणजे दावा संपला, असं नाही. फक्त ते लपवू नका. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बेकायदा काढलेल्या माणसाला नोकरी आणि मधल्या काळाचा पगार परत मिळणं हा साधारण नियम आहे. मधल्या काळात आपल्याला पगारी काम नव्हतं एवढं कामगारानं शपथेवर सांगायचं, मग ते होतं हे दाखवायचं काम मालकाचं. तुम्ही चार महिने दुसरीकडं काम केलं असेल तर तेवढं सरळ सांगा, तेवढाच पगार वजा होईल. खोटं सांगितलं आणि पकडलं गेलं तर बाकीचं खरंही बुडतं.

आणि हेही स्पष्ट सांगते, की नोकरी परत मिळेलच असं धरून चालू नका. न्यायालयात वर्षं जातात. छोट्या कारखान्यांच्या बाबतीत अलीकडं न्यायालयं पुष्कळदा परत कामावर घेण्याऐवजी एकरकमी पैसे देववतात. म्हणून आत्ताच नवरा-बायको बसून ठरवा, तुम्हाला नक्की काय हवंय? ते टेबल परत हवंय, की हक्काचे पैसे आणि डाग नसलेलं नाव? मला विचाराल तर समेट अधिकाऱ्यासमोर पूर्ण हिशेब, थकलेला पीएफ आणि साडेनऊ वर्षांचा अनुभवाचा दाखला मिळत असेल तर मी मिटवून टाकीन. दाखल्यात काम समाधानकारक होतं असं लिहून घेईन, म्हणजे नॅपकिनचं प्रकरण तिथंच संपलं. दहा-वीस हजार इकडंतिकडं झाले तरी चालतील. पण मिटवायचं ते कार्यालयात, अधिकाऱ्यासमोर, चेकनं. कारखान्याच्या केबिनमध्ये रोख व्हाउचरवर नाही. आणि मागणी मात्र पत्रात लिहिलीय तीच: कामावर घ्या. पैशावर त्यांनी यायचं, आपण आधी जायचं नाही.

राहिल्या मालकीणबाई. लग्नाला आल्या, आहेर केला, चार माणसांत तुमची विचारपूस केली, हे खोटं होतं असं मी म्हणणार नाही. साडेनऊ वर्षांत असा घरोबा होतो. पण १९ तारखेपासून त्यांचा फोन आलेला नाही, हे तुम्हीही मनात मोजलं असेलच. त्यांना ठाऊक नसेल अशी आशा तुम्हाला आहे. असेलही. मग पत्र पोचल्यावर त्यांना कळेल. आत्ता फोन केलात तर तुम्ही रडाल, त्या म्हणतील बघते, दिवाळीनंतर ऑर्डरी येतील तेव्हा बघू, आणि तुम्ही थांबाल. ९० दिवस असेच जातात. त्यांच्या मनात वाईट नसलं तरी जातात. पत्र गेल्यावर त्यांचा फोन आला तर आदरानं बोला, मुलीची खुशाली सांगा, आणि कामाचं काढलं तर एवढंच म्हणा: ‘वहिनी, जे काय असेल ते साहेबांना लेखी पाठवायला सांगा.’ वाईट दिसेल असं वाटेल. गेटवर वॉचमनकरवी सांगणं याहून वाईट दिसलं होतं.

एक शक्यता राहते आणि ती वाटते त्यापेक्षा जास्त घडते. पत्र मिळालं की त्यांचा वकील त्यांना सांगेल, बाईला बोलावून घ्या. मग निरोप येईल, उद्यापासून या. तेव्हा मानापमान काढून घरी बसू नका, नाहीतर ‘बोलावलं तरी आल्या नाहीत’ हे त्यांना आयतं मिळेल. निरोप लेखी मागा, नाही दिला तर आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर ‘आपल्या निरोपाप्रमाणे उद्या सकाळी कामावर हजर होत आहे’ असं पाठवा आणि वेळेवर जा. नवीन नेमणूकपत्र पुढं केलं, ज्यात आजची रुजू तारीख आहे किंवा ठेकेदाराचं नाव आहे, तर त्यावर सही करायची नाही. जून २०१६ चीच तारीख राहिली पाहिजे, दहा वर्षांचं गणित तिच्यावर उभं आहे. हजेरीला सही करा, टेबलावर बसा. पुन्हा गेटवर अडवलं तर तिथूनच सुपरवायझरला मेसेज करा, त्या दिवसाचं दुसरं पत्र लिहा आणि त्याच पोस्टातून पाठवा.